दिवसाला दोन

आधीच सांगून टाकते, मी रागीट आहे. विशेष मुलांच्या वर्गावर एकोणीस वर्षं काढली तरी राग गेला नाही. तो मुलांवर काढायचा नाही, एवढंच काय ते शिकले. त्या गुरुवारी तो बदली बाईंवर निघाला आणि मग माझ्याच डोक्याचा पार भुगा झाला.

वर्गात सात मुलं. त्यातली एक नऊ वर्षांची. बोलत नाही, पण मनाविरुद्ध झालं की हाताला लागेल ते भिरकावते, समोरच्याच्या दंडाला कडकडून चावते. मी तिला सरकार म्हणते, कारण तिच्या मर्जीशिवाय वर्गात पान हलत नाही. सहा आठवड्यांपूर्वी सरकारांनी लाकडी ठोकळ्यांची पेटी फेकली आणि ती दुसऱ्या मुलाच्या कपाळाला लागली. तीन टाके पडले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. दिवसाला पंधरा वेळा चावणं-फेकणं चालायचं नाही, म्हणाल्या. सहा आठवड्यांत आकडा पाचाच्या आत आला तर ठीक, नाहीतर पोरीला घरी बसावं लागेल. दोन शाळांनी तिच्यापुढे आधीच हात टेकले होते. तिसरी आमची. चौथी नव्हतीच.

मी कंबर कसली. भिंतीवर तक्ता लावला: किती वाजता, आधी काय झालं, तिने काय केलं, मग आपण काय केलं. मी आणि आमच्या मदतनीस मावशी रोज भरायचो. पंधराचे अकरा झाले, अकराचे सात, मग चार. पाचव्या आठवड्यापासून दिवसाला दोन! स्टाफरूममध्ये मी चांगलीच मिरवले, खोटं कशाला बोलू.

बुधवारी दाढ काढायची म्हणून रजा घेतली. गुरुवारी येऊन तक्ता बघते तर बुधवारचा आकडा सतरा. आणि शुक्रवारी सहा आठवड्यांच्या हिशोबाची बैठक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बदली बाई म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची पोर, पुढच्या वर्गात फळा पुसत होती. दंडाला पट्टी बांधलेली.

"काय केलंस गं माझ्या पोरीला?"

"काही नाही ताई. बूट घालायला सांगितले."

"बूट घालायला सांगितले म्हणून सतरा वेळा?"

"डबाही उघडायला सांगितला. ठोकळे आवरायला सांगितले. बाकीच्यांना सांगितलं तेच तिलाही सांगितलं." तिने डस्टर खाली ठेवलं. "तुम्ही नाही सांगत?"

सांगते की, असं म्हणायला तोंड उघडलं खरं. शेवटचं कधी सांगितलं होतं? आठवेना. मी तशीच तरातरा मावशींकडे गेले.

"मावशी, सरकारांचे बूट कोण घालतं?"

"मीच की."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच डोळ्यांनी खुणावता. रोज."

"मी?"

"डबाही मीच उघडते. ठोकळे तुम्ही आवरता. ती बघत बसते. तुम्हाला माहीत नाही होय?"

देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मी तक्ता काढून पुढ्यात घेतला आणि 'आधी काय झालं' हा रकाना वरून खाली वाचत गेले. पहिल्या आठवड्यात: बूट घाल म्हटलं, पेन्सिल हातात दिली, जागेवर बस म्हटलं. शेवटच्या दोन आठवड्यांत: पंखा बंद पडला, बाहेर कुत्रं भुंकलं. मी तिला काही सांगितलं, असं एकदाही नाही. दाढ दुखते म्हणून आपण एकाच बाजूने घास चावायला लागतो ना, तसं मी हळूहळू तिला काही सांगायचंच सोडून दिलं होतं आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते. म्हणजे वळण कुणी कुणाला लावलं? बरं, पोर हसतमुख होती. कुणाला टाके पडत नव्हते. मग हे वाईट कसं म्हणायचं? पण गोम अशी की सहा आठवड्यांपूर्वी ती एक बूट स्वतः घालायची, आणि आता पाय पुढे करून बसायची. मला हसावं की रडावं कळेना. गप्प बसले तर सरकार शाळेत राहणार आणि काहीही शिकणार नाहीत. खरं बोलले तर घरी जाणार. दिवसभर डोक्यात नुसता गुंता.

शुक्रवारी तिचे वडील आले. शिंपीकाम करतात, मोजायची टेप गळ्यात तशीच राहिली होती. मोठ्या बाईंनी तक्ता पाहिला.

"छानच. बुधवार धरायला नको. बदली बाई नवीन आहेत, त्यांना जमलं नाही."

त्या बदली बाईच्या माथी खापर फुटलं, आणि माझ्याने राहवेना.

"तिचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मी पोरीला काही करायलाच सांगत नाही, म्हणून ती शांत आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग सांगायला लागा."

"लागले तर आकडा चढणार. आधी पंधरा होता, त्याच्याही वर जाईल."

"मग मी तिला कशी ठेवू? बाकीच्या आईबापांना काय तोंड दाखवू?"

त्यांचंही बरोबर होतं.

तेवढ्यात शिंपीदादा बोलले, अगदी हळू. "घरी आम्ही तिला दोन वर्षांपासून काही सांगत नाही. आई भरवते, मी कपडे घालतो. तिची भीती वाटते आम्हाला. पोटच्या पोरीची. म्हणून तर इथे आणली, इथे कुणीतरी सांगेल म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हालाही वाटते का, बाई?"

एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"वाटते," मी म्हटलं.

शेवटी मोठ्या बाईंनी एक महिना दिला, आकडा चढला तरी. वर्गातल्या जड वस्तू बाहेर, सरकारांची जागा बाकीच्या मुलांपासून लांब, आणि दुसऱ्या मुलाला ओरखडा जरी आला तरी विषय संपला. अटींच्या कागदावर सही करताना त्यांचा चेहरा काही खूश नव्हता. मीही नव्हते. पोर राहिली खरी, पण जिंकलं कोण ते सांगता येईना.

बाहेर आल्यावर शिंपीदादा जिन्याशी थांबले.

"घरी कुठून सुरुवात करू?"

"जेवल्यावर ताट उचलायला सांगा."

"फेकलं तर?"

"फेकेलच. पुन्हा सांगा."

"आणि चावली तर?"

"पुन्हा सांगा. ओरडू नका, सोडूनही देऊ नका."

त्यांनी मान हलवली. दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "मला नाही जमायचं हो. पहिल्या वेळी तुम्ही याल?"

मला नाही म्हणायचं होतं. दाढेची जागा ठणकत होती, आणि भीती तर होतीच.

"किती वाजता जेवते ती?" मी विचारलं.