दुसरी सही

खोलीत दोन माणसे होती, टेबलाच्या दोन बाजूंना. टेबलावर एक तुटलेले कुलूप, दोन छिन्न्या आणि न्यायालयाचे पत्र. मी कोपऱ्यात, कापडी खोळीखाली, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला.

मित्रांनो, मी गुन्हे-प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला दोन मंच आहेत. त्यांवर ठेवलेल्या दोन वस्तू माझ्यातून एकाच वर्तुळात दिसतात, मधोमध केसाएवढी रेघ. अलीकडचे ओरखडे पलीकडच्यांशी जुळतात का, एवढेच मी आयुष्यभर दाखवले. माझ्या शेजारी मात्र कधी कुणी नव्हते.

आमच्याकडे पुरावा आधी आवक-खिडकीवर येतो. लाखेची मोहोर शाबूत असेल तरच त्याला क्रमांक मिळतो. मग रक्त एका खोलीत, विष दुसरीत, हस्ताक्षर तिसरीत. हत्यारांच्या खुणा आमच्या खोलीत. नियम असा, की एकाला जे दिसले ते दुसऱ्याने स्वतः पाहायचे, मगच अहवालावर दुसरी सही.

ती सही भिंगकाकांची असे. सारा विभाग त्यांना याच नावाने ओळखे. माझी भिंगे ते स्वतःच्या रुमालाने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "हा माझा थोरला." ते दिवस सुखाचे होते.

चार वर्षांपूर्वी एका फोडलेल्या कुलपासोबत एका कुलूपवाल्याची छिन्नी आली. त्याच्यावर घरफोडीचा आळ होता. परीक्षक बाई तेव्हा नव्या होत्या. तासभर पाहून त्या म्हणाल्या, "काका, रेघा तंतोतंत जुळतात. एकदा बघता?"

"तू पाहिलंस ना, पोरी? मग मी काय वेगळे दिवे लावणार! आण, कुठे सही करू? चहा गार होतोय."

एका हातात कप, दुसऱ्याने सही. माझ्या नळीला त्यांचा डोळा लागलाच नाही. एकाच कारखान्यात, एकाच चाकावर घासलेल्या छिन्न्यांच्या अंगावर भावंडांसारखे सारखेच वळ असतात. बाईंनी ते या एकाच छिन्नीचे मानले. काकांच्या मुरलेल्या नजरेने ते क्षणात ओळखले असते. मला वाचा नव्हती. कुलूपवाला तुरुंगात गेला.

पुढे पडद्याचे नवे यंत्र आले आणि माझ्यावर खोळ पडली. परवा एका चोराच्या पिशवीत त्याच कारखान्याची दुसरी छिन्नी सापडली. तिच्या धारेचा टवका कुलपावरच्या खुणेत अचूक बसला. आता न्यायालय विचारते आहे: पहिली तपासणी खरोखर दोघांनी केली होती का?

आज बाईंनी ते पत्र टेबलावरून काकांपुढे सरकवले. "माझी चूक मी लिहून दिलीय, काका. पण तुमची सही आहे तोवर तो अहवाल दोघांचा. माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतो? तो माणूस सुटायला हवा. खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतं का?"

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. ती मी सोसेन. पण सहीपूर्वी स्वतःचा डोळा लावा. उसन्या नजरेने कुणाचे आयुष्य मोजू नका.

काकांनी खोळीवरून हलकेच हात फिरवला, ती पडल्यापासून प्रथमच. मग पत्र तसेच टेबलावर सोडून, चष्मा खिशात ठेवून ते दाराबाहेर पडले. बाहेर बाकावरून कुलूपवाल्याची बायको धडपडत उठली.

"साहेब, सुटतील ना हो ते?"

काका जिना उतरून गेले.