लिफ्टमामांची डावी बाजू

एकतीस वर्षं माणसांची हाडं टिपल्यावर एक्सरेबाईंना माणसांचे चेहरे टिपायची हौस आली. इस्पितळातल्या त्या अंधाऱ्या खोलीत माणूस त्यांना कधी अख्खा भेटलाच नव्हता. कुणी गुडघा म्हणून यायचा, कुणी मणका म्हणून, कुणी नुसतीच छाती म्हणून. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून कॅमेरा दिला आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी नणंदेला खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवून उभं केलं.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा चिमुकला फ्लॅश फाडकन उडाला. फोटोत नणंदेचं कपाळ घासलेल्या पातेल्यासारखं चमकत होतं, डोळे लाल झाले होते आणि मागच्या भिंतीवर तिचीच काळीकुट्ट सावली चिकटली होती.

"वहिनी," नणंद फोटो बघून म्हणाली, "पाकीट मारताना सापडल्यासारखी दिसतेय मी."

बाईंचे यजमान गणिताचे मास्तर. तेही निवृत्तच. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "अगं, उजेड समोरून येतोय. तोंड सपाट होणारच. बाजूने यायला हवा."

"तेवढं मलाही कळतं," बाई म्हणाल्या. "तो फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचाय, पण उतरवून ठेवायचा कुठे?"

म्हणून दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोपऱ्यातून एक भलामोठा दिवा ढकलत आणला. त्याला चाकं होती, पंखा होता आणि मनगटाएवढी जाड वायर. "लग्नाचे हॉल उजळतात याने," तो अभिमानाने म्हणाला.

"मला एका वेळी एकच माणूस उजळायचाय," बाई म्हणाल्या. "आणि हे धूड जिन्यावरून उतरवणार कोण? नाकापेक्षा मोती जड."

मग दुकानदाराने काचेखालून हातात मावणारे दोन फ्लॅश काढले. एक महागडा होता. उजेड किती सोडायचा ते तो स्वतःच ठरवायचा. दुसरा साधा होता. त्याच्या पाठीवर एक चकती होती. ती फिरवून पूर्ण, अर्धा, पाव, एक अष्टमांश असा उजेड आपणच ठरवायचा.

"हा साधा द्या," बाई म्हणाल्या.

"ताई, नवशिके लोक तो दुसरा नेतात. डोकं चालवावं लागत नाही."

"एकतीस वर्षं किरणं मोजून सोडलीत मी. डोकं चालवायची सवय आहे. माणूस दुप्पट लांब उभा केला की उजेड किती उरतो, सांगा बघू?"

"निम्मा," दुकानदार म्हणाला.

"चौथाई!" बाई आणि मास्तर एकदमच म्हणाले, आणि दुकानात फिल्टर बघत उभी असलेली दोन माणसं मागे वळून पाहू लागली.

शेवटी त्यांनी साधा फ्लॅश घेतला. सोबत ट्रिगरची एक जोडी घेतली. त्यातला एक कॅमेऱ्यावर बसतो, दुसरा फ्लॅशखाली, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं की मध्ये वायर नसतानाही तिकडे फ्लॅश उडतो. एक घडीचा स्टँड, फ्लॅशचा उजेड पसरवणारी एक पांढरी पातळ छत्री आणि चार्ज होणारे आठ सेल. चार आत, चार खिशात. सगळं मिळून मास्तरांच्या जुन्या शाळेच्या पिशवीत मावलं.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी काय भोगलं ते त्यांनाच ठाऊक. बैठकीच्या खोलीत स्टुलावर बसून त्यांच्या कमरेला कळ लागली. पहिल्या दिवशी प्रत्येक फोटोचा खालचा भाग काळा येऊ लागला. मास्तरांचं तोंड दिसायचं, गळ्याखाली अंधार.

"ट्रिगर बिघडलाय," मास्तर म्हणाले. "परत करू या."

बाई सकाळभर कॅमेऱ्यावरचे आकडे बदलत बसल्या आणि दुपारी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अहो, बिघडलं काही नाही. मीच शटरची फार घाईने उघडझाप करत होते. पडदा पुरता उघडायच्या आत फ्लॅश उडून जायचा. जरा सावकाश ठेवला की झालं."

दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने छत्री स्टँडसकट मास्तरांच्या डोक्यावर आली. त्या दिवसापासून स्टँडच्या पायात पाण्याने भरलेला कॅन अडकवायचा असं ठरलं. छत्री लांब ठेवली की चेहऱ्यावर कडक सावल्या पडतात, आणि अगदी गालाजवळ, फोटोत येता येता राहील इतकी जवळ आणली की त्याच सावल्या दुधासारख्या मऊ होतात, हे त्यांना आठव्या दिवशी समजलं. जवळ आणल्यावर उजेड फार होतो, तर चकती फिरवून कमी करायचा. सेलही पुरतात.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. फोटोत सगळेच फुगलेले यायचे. मास्तर, नणंद, शेजारीण, सगळ्यांचे खांदे कानाशी आणि डोळे बाहेर.

"का हो, असं का बसता?" बाईंनी शेवटी वैतागून विचारलं.

"तूच सांगतेस म्हणून!" मास्तर म्हणाले. "दर वेळी म्हणतेस, 'श्वास घ्या... रोखा!' छातीचा एक्सरे काढल्यासारखं."

बाईंनी कपाळावर हात मारला. जीभ सवयीने बोलत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. पण सवय मोडायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. त्यांनी एवढंच केलं, की 'रोखा'ला बटण न दाबता त्यानंतरच्या 'सोडा'ला दाबलं. मास्तरांनी श्वास सोडला, खांदे उतरले, कपाळावरची आठी गेली. फोटो पाहून नणंद म्हणाली, "दादा किती वर्षांनी असा दिसतोय!" आणि मास्तरांनी तो फोटो गुपचूप पाकिटात ठेवला.

त्याच सुमारास इस्पितळातून बोलावणं आलं. प्रवेशद्वाराशी नवा फलक लागणार होता, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फोटोंचा. डॉक्टरांचे फोटो बाहेरचा फोटोग्राफर काढणार होता. उरलेल्यांचे, म्हणजे धुलाईखान्यातल्या बायका, आचारी, वॉर्डबॉय, सफाईवाल्या, यांचे फोटो मोबाइलवर काढून चालतील असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. पण मेट्रन अडून बसल्या. "आमच्या एक्सरेबाई आहेत ना! त्या काढतील."

बाईंना खोली मिळाली ती तळघरात, धुलाईखान्याशेजारची. बुटकं छत, एकच ट्यूबलाइट, भिंतीला चादरींचे गठ्ठे. मास्तरांनी नाक मुरडलं, बाई मात्र खूश झाल्या. त्यांनी आधी ट्यूबलाइट बंद केली. "उजेड आपण आणलाय. इथला कशाला हवा?" एक करडी चादर मागे टांगली, छत्री उभारली, कॅन अडकवला.

सगळ्यात आधी मेट्रनच आल्या. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरी छत्री उमटली. बाईंनी स्टँड वीतभर वर चढवला, मेट्रनना हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितलं आणि छत्र्या काचांतून निघून गेल्या. मग रांगच लागली. धुलाईवाल्या ओल्या हातांनी केस सारखे करत आल्या. आचारी टोपी घालून आला, टोपी काढून बसला, पुन्हा घातली. "श्वास घ्या, रोखा, सोडा!" खोलीतून हसण्याचे आवाज जिन्यापर्यंत जाऊ लागले.

दिवसपाळीच्या यादीतलं एकच नाव राहिलं, लिफ्टमामांचं.

लिफ्टमामा म्हणजे इस्पितळाची लिफ्ट चालवणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं होतं. डावा गाल उतरला, डावी पापणी अर्धी मिटली आणि ओठाचा तो कोपरा कायमचा खाली आला. बोलणं सुधारलं, विनोद तर एक दिवसही थांबले नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहणं सोडलं होतं. घरच्या कार्यात ते फोटोच्या वेळी नेमके हात धुवायला जायचे. ओळखपत्रावर अजून तिशीतला फोटो होता.

बाई स्वतः लिफ्टमध्ये गेल्या. "मामा, चला."

"कितव्या मजल्यावर?"

"तळघरात."

"तिथे लिफ्ट जात नाही, बाई."

"मग पायी चला."

कसेबसे ते आले. स्टुलावर बसले, पण मान खाली. बाईंनी रात्री वहीत आकृती काढून सगळं ठरवलंच होतं. मामांचं तोंड जरा डावीकडे वळवायचं, छत्री उजवीकडे ठेवायची, म्हणजे चांगली बाजू उजळेल आणि डावी सावलीत बुडेल. त्यांनी तसाच फोटो काढला. उतरलेला गाल अंधारात नाहीसा झाला. दिसत होता एक धीरगंभीर, देखणा माणूस.

त्यांनी कॅमेऱ्याची पाठ मामांकडे फिरवली. मामांनी बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हे कोण गृहस्थ?"

"म्हणजे?"

"बाई, माझं स्टूल लिफ्टच्या उजव्या कोपऱ्यात, बटणांसमोर. लोक उभे राहतात माझ्या डाव्या हाताला. सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी दिसते ती डावी बाजू. फलकावर हा फोटो लावलात, तर विचारतील, हे नवे साहेब कोण आणि आमचा मामा कुठे गेला?"

बाईंनी रात्र जागून त्या गालासाठी अंधार तयार केला होता, आणि ज्याचा गाल तोच उजेड मागत होता.

"बघा हं, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "दिसेल सगळं."

"दिसू द्या. तशी भीती वाटतेय मला. म्हणून लवकर आटपा."

बाईंनी स्टँड उचलून दुसऱ्या बाजूला नेला. छत्री मामांच्या डाव्या गालाजवळ, अगदी हातभर अंतरावर आणली. चकती फिरवत फिरवत उजेड कमी केला, इतका की फ्लॅश उडताना नुसती पापणी लवल्यासारखी जाणीव व्हावी. उजवीकडे मास्तरांना पांढरी चादर धरून उभं केलं, म्हणजे तिकडेही थोडा उजेड परत फिरेल.

"श्वास घ्या. रोखा."

"रोखला, पण वजन वाढल्यामुळे लिफ्ट बंद पडली तर जबाबदारी तुमची," मामा गाल फुगवून पुटपुटले, आणि स्वतःच्याच विनोदाला त्यांना हसू फुटलं.

बाईंनी बटण दाबलं.

उजवा कोपरा वर गेला होता, डावा जागच्या जागी होता. एक डोळा पूर्ण उघडा, दुसरा अर्धा मिटलेला. सगळ्या इस्पितळाची गुपितं ठाऊक असलेला माणूस आता त्यातलं एक सांगणार, असं वाटत होतं. गालावरची प्रत्येक सुरकुती मऊ उजेडात स्पष्ट होती आणि लपवावं असं तिच्यात काहीच नव्हतं.

मामांनी पाहिलं. "याला मात्र माझी बायको ओळखेल," ते म्हणाले. "एक प्रत तिला द्या. मोठी. सहा वर्षांचा अनुशेष आहे."

महिन्याभराने फलक लागला. वरच्या रांगेत डॉक्टर होते. सगळे सारखेच, हाताची घडी घालून, पांढरेफटक, भिंतीला चिकटलेले. खालच्या रांगांमध्ये धुलाईवाल्या, आचारी, मेट्रन आणि मामा. लोक यायचे, वरच्या रांगेवरून नजर सरकवायचे आणि खाली वाकून बघत उभे राहायचे.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन वाजला. मोठे डॉक्टर होते. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "नाही, म्हणजे... आमचेही फोटो पुन्हा काढता येतील का? माझा जरा... बायको म्हणते, कैद्यासारखा आलाय."

"या की," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी तळघरात. पण त्या दिवशी राहिलेल्या रात्रपाळीवाल्यांची पाळी आहे. रांगेत उभं राहावं लागेल."

मास्तर तोपर्यंत उठून पिशवीत सेल मोजून भरू लागले होते.