पेटीतले हुलगे

"आता सांगतो ती गोष्ट कुणालाबी खरी वाटायची न्हाय. कारखान्याच्या सभेत माईकवर शपथ घेऊन सांगितली, तरी लोकं चहा न पिता उठून जातील. म्हणून तर फकस्त तुला सांगतो," गेणबा म्हणाला आणि त्यानं समोरच्या पत्र्याच्या पेटीवर बोटांनी ताल धरला.

श्रेया भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात रिकामी ताटली. नऊ वर्षांची पोर, पण महिन्याभरात हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली होती. पेटीपासून ती चांगली चार हात लांब बसली होती.

एरवी भवानीनगरात गेणबाच्या गोष्टींना गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. साखर कारखान्यात त्याची तीस वर्षं पॅनवर गेली. उसाचा रस आटवून आटवून त्याचा दाणा धरायचा, हे काम. रिटायर झाल्यावर रस संपला पण आटवणं काही थांबलं नाही, असं लोक म्हणत. उजनीच्या पाण्यातला एक मासा उसाच्या मोळीत झोपला, मोळीबरोबर गाळपाला गेला आणि त्या साखरेचा चहा प्यालेल्या माणसांना आपोआप पोहता यायला लागलं, हे त्यानं एका शाळामास्तराच्या गळी उतरवलं होतं. सुप्याच्या अभयारण्यातली हरणं कारखान्याच्या भोंग्यावर पाळी बदलतात, हेही त्याचंच.

घरात मात्र त्याची डाळ शिजत नसे. सून सोनम भाकरी थापता थापता मान वर न करता विचारायची, "आबा, मासा मोळीत झोपला तवा त्यानं पांघराय काय घेतलं हुतं?"

"पाचट!" गेणबा म्हणायचा.

"मग बरं हाय. मला वाटलं, गारठला आसंल."

सोनम मोरगावकडची, जिरायती मुलखातली पोर. इकडं बागायतात येताना तिनं हुलगे खायची सवय बरोबर आणली. पहिल्यांदा ताटात हुलगे बघून गेणबा म्हणाला होता, "आमी काय घोडी हाय का?" त्यावर ती म्हणाली, "घोडी न्हाय तर एवढ्या थापा पळवता कशा?"

ती बारामतीला एका कपड्याच्या कंपनीत शिलाईला जायची. सकाळी सातला गाडी, घरी यायला अंधार. आल्यावर शिजवत बसायचं म्हणजे पोरगी उपाशी झोपायची. एकदा तिनं मोबाईलवर स्लो कुकर बघितला. सकाळी भांडं लावायचं, संध्याकाळी तयार. किंमत बघितली आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी केली. रसवंतीवाल्याकडून चिपाडं मागून आणून उन्हात वाळवली, ती पेटीत दाबून भरली, मधे पातेल्यापुरता खळगा केला. सकाळी पातेलं गॅसवर पाव तास रटरटून घ्यायचं, झाकण गच्च लावून खळग्यात ठेवायचं, वर जुनी गोधडी आणि पेटी बंद. संध्याकाळी हुलगे बोटानं चिरडावेत असे मऊ. कधी मटकी, कधी चवळी, सणावाराला पायाचा रस्सा. महिनाभर न पुरणारा सिलिंडर दोन महिने जायला लागला.

"झाला का न्हाय माझा स्लो कुकर?" तिनं तेव्हा सगळ्यांना ऐकवलं होतं.

या पेटीचा नियम एकच. तो श्रेयानं खडूनं झाकणावर लिहून ठेवला होता: मधी उघडायची नाही. "एकदा झाकण उघडलं की ऊब गेली," सोनम सांगायची, "आन् गेलेली ऊब मागं येत न्हाय, बाय. किती का भूक लागंना, पेटी आईच उघडणार."

तो शनिवार होता. सकाळी पातेलं पेटीत ठेवून सोनम उठली आणि कपाळ दाबून म्हणाली, "आबा, डोकं लई ठणकतंय."

गेणबा तेव्हा हरणांच्या गोष्टीत होता. "घोटभर चहा घे, पळंल," म्हणाला आणि त्यानं हरणं पुढं हाकली. ती पदर खोचून गाडीला गेली. दुपारी फोन आला. शिलाईच्या मशीनवरच तिनं मान टाकली होती. डोक्यातली शीर फुटली, म्हणाले.

उन्हं कलताना तिला आणली, अंधार पडायच्या आत नेली. मयताच्या घरातलं शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. शेजारच्या रतननं माठ पालथा घातला, भाकरी गाईला घातली, मग पेटी उघडली आणि पातेलं परसात नेऊन रामफळाच्या बुडात ओतलं. गेणबा स्मशानातून येऊन न्हाणीपाशी उभा होता. वाफ निघाली नाही. पातेलं गार होतं. त्यानं वाकून एक हुलगा उचलला, कुणी बघत नाही असं बघून दाताखाली धरला. कचकन वाजला.

पेटी सुरू केल्यापासून सहा वर्षांत सोनमचे हुलगे कधी कच्चे राहिले नव्हते. गेणबाला तिथंच कळलं. त्या दिवशी तिला गॅसपाशी पाव तास उभंही राहवलं नसणार. तसंच, न उकळता, तिनं पातेलं पेटीत सारलं. घरात एक धडधाकट माणूस होता, आणि तो हरणांच्या पाळ्या बदलत होता.

उभ्या आयुष्यात गेणबाच्या पोटात काही राहिलं नव्हतं. ही एक गोष्ट राहिली. पोराला, युवराजलाही त्यानं ती सांगितली नाही.

आणि श्रेया जेवेना. रतननं दशम्या केल्या, युवराजनं ट्रॅक्टरच्या खेपा बुडवून तिला बारामतीला नेऊन वडापाव खाऊ घातला, डॉक्टरला दाखवलं. आजार काही नाही, म्हणाला डॉक्टर, पण असंच चाललं तर सलाईन लावावी लागंल. चहात बुडवलेलं बिस्कीट तेवढं पोटात जायचं. पेटीला ती वळसा घालून जायची. युवराज एकदा म्हणाला, भंगारात घालू. तर पोरीनं असा हंबरडा फोडला की तो विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून आज गेणबानं पहाटे उठून रात्री भिजवलेले हुलगे काढले, घड्याळ लावून पाव तास रटरटवले आणि पेटी भरली. दिवसभर उंबऱ्यात राखण करत बसला. आता दिवेलागणीला पेटीपुढं नात होती, आणि आज ती जेवली नाही तर उद्या सुई टोचायची होती.

"तर ऐक," तो म्हणाला. "आमी कारखान्यात पॅन कधी पुरतं रिकामं करत न्हवतो. मागचा थोडा माल ठिवायचा, त्याच्यावर नवा रस घ्यायचा. मागच्या दाण्यावर फुडला दाणा धरतो. तसंच रतनकाकू वतायच्या आदी मी तुझ्या आईच्या हुलग्यातला एक डाव काढून ठिवला. रोज त्यात मूठभर नवे. म्हंजी ह्या पेटीत काय शिजतंय? तुझ्या आईनंच लावलेलं शिजतंय."

"महिनाभर?" श्रेया म्हणाली. "नासलं न्हाय?"

महिन्यात पहिल्यांदा तिनं त्याच्या गोष्टीत प्रश्न घातला होता. थेट आईसारखा. गेणबानं खाकरून घेतलं.

"नासंल कसं? त्येला आदी गार व्हावं लागतंय!"

त्यानं पेटी उघडली. गोधडी काढताच वाफ आली, लसणाचा वास आला. त्यानं ताटलीत एक डाव वाढला. पोर पुढं सरकली. एक हात. दोन हात. तिनं एक हुलगा उचलून बोटात चिरडून बघितला. मऊ होता.

इथं गेणबानं गप्प बसायला हवं होतं. पण पोर घास उचलतेय असं दिसलं आणि त्याची जीभ सुटली. शिवाय सोनमचे हुलगे कच्चे राहिले, हे त्याला या घरात कुठंच शिल्लक ठेवायचं नव्हतं.

"तुझ्या आईचा हात म्हंजी काय सांगू! त्या दिवशी सांच्याला पेटी उघडली, तर हुलगे लोण्यावानी. वाफ अशी उठली का कारखान्याच्या धुराड्यानं लाजून मान खाली घातली. का? तर सकाळी तिनं झाकण लावलं, त्येला दिवसभर कुणी बोटसुदिक लावलं न्हवतं."

श्रेयाचा हात ताटलीवरच थांबला. तिनं चिरडलेला हुलगा परत ताटलीत ठेवला आणि बोटं फ्रॉकला पुसली.

"खोटं."

"आगं, तुझ्या आज्याची शपथ..."

"खोटं हाय, आबा. कच्चे हुते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की गेणबाला पुढं वाकावं लागलं. "शनवारची सकाळची शाळा हुती. मी घरी आले, भूक लागली. तुमी कट्ट्यावर हुता. मी पेटी उघडली, आबा. सगळी ऊब गेली. आन् मग फोन आला."