डायरेक्ट

नयनानं टेस्टर ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये खुपसला. उजेड नाही. शेजारच्यातही नाही.

"वरचे दिवे लागतात, पंखा फिरतो. हे सॉकेट तेवढे मेलेत. असं कसं, अक्का?" शेषगिरीनं दारातून विचारलं.

"दिवे, पंखा गाडीच्या बॅटरीवर आहेत. सॉकेट बाहेरच्या लाइनवर," नयना म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

हेब्बाळला शेषगिरीचा बसच्या बॉडी बांधायचा कारखाना होता. हे मोटारहोमही तिथलंच. आत झोपायचे बाक, ओटा, एवढंसं न्हाणीघर. संध्याकाळी त्याला आपल्या आईला यातून मंत्रालयाच्या मठात दर्शनाला न्यायचं होतं.

याच गाडीचं वायरिंग करताना नयनाचा नवरा आशय गेला होता. दाराच्या लोखंडी दांडीला चिकटून. पोरगा प्यायलेला होता, नको तिथं हात घातला, असं शेषगिरीनं पोलिसांना सांगितलं आणि मालकाच्या शब्दावर प्रकरण मिटलं. आशयचे वडील मधुकरराव सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, कडक माणूस. त्यांनी त्या दिवसापासून मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेषगिरी घरी कधी फिरकला नाही, म्हणून त्याला नयनाचा चेहरा माहीत नव्हता.

नयना आता इंदिरानगरला हयवदन यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. या कारखान्याचा फोन आला तेव्हा हयवदन म्हणाले होते, "दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"मीच जाते," ती म्हणाली होती.

तिनं ओट्याखालचं कपाट उघडलं. करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या ब्रेकरचा खटका खाली पडलेला होता. हा ब्रेकर आशय गेल्यावर तपासणीवाल्यांनी बसवायला लावलेला. तिनं खटका वर केला. तो पुन्हा खाली. मग एकेक लाइन सोडवून पाहिली. ओट्याकडची लाइन सोडली की ब्रेकर टिकत होता. तिथली वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढलेली होती, घासून आतलं तांबं दिसत होतं. बाहेर कारखान्याच्या अर्थिंगची पट्टी गंजून नावापुरती उरली होती. ब्रेकर नसता तर अख्ख्या गाडीत, दाराच्या दांडीतही, करंट उतरला असता.

"वायर बदलावी लागेल," ती म्हणाली. "अर्थिंगपण."

"आज कुठं होतंय ते? तो ब्रेकरचा डबा काढ मधून. डायरेक्ट जोडून दे."

नयनाचा हात थांबला. हाच शब्द. आशय घरी येऊन वैतागायचा, मालक सगळीकडे डायरेक्ट जोडायला लावतो म्हणून.

"डायरेक्ट जोडू?"

"सरी, सरी, ठीक आहे. जोड लवकर."

तिनं बाहेरचा मेन स्विच बंद केला आणि तारा पिळून जोडल्या. मग परत मेन स्विचपाशी जाऊन ती उभी राहिली. अंगण नुकतंच धुतलेलं होतं. शेषगिरीची आई, तानूबाई, गाडी बघायला अनवाणीच येत होत्या. गुडघे धरत धरत त्या दारापाशी पोचल्या आणि चढण्यासाठी त्यांनी दांडीकडे हात नेला.

"चालू केलं!" नयना मोठ्यानं म्हणाली.

"आई! हात लावू नको!"

शेषगिरी किंचाळत धावला. त्यानं आईला मागे ओढलं, दोघंही ओल्या फरशीवर पडता पडता वाचली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा नयनाला हवा होता. तिनं डोळे भरून बघून घेतला.

"स्विच बंदच आहे," ती म्हणाली. "पण दांडीत करंट येणार हे तुम्हाला कसं कळलं? तुमच्याकडचा माणूस तर पिऊन मेला होता ना?"

"तू... कोण तू?"

"आशयची बायको."

तानूबाई लेकाकडे वळल्या. "शेषू, काय म्हणते ही? तो पोरगा प्यायला नव्हता?"

शेषगिरीनं नजर दांडीकडे वळवली.

"बोल की!"

"नव्हता," शेषगिरी म्हणाला. "डबा लावूया म्हणत होता. मीच सांगितलं, डायरेक्ट जोड म्हणून."

तानूबाईंनी दंडावरचा त्याचा हात काढला. भिंतीचा आधार घेत त्या एकट्याच ऑफिसच्या पायरीकडे गेल्या आणि पाठ करून बसल्या. शेषगिरी दोनदा "आई" म्हणाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

नयनानं आपली जोडणी तोडली, ब्रेकर होता तसा लावला आणि हत्यारं पिशवीत भरली. सॉकेट मेलेलेच राहिले.

"माझ्या सासऱ्यांना फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता बोललात ते त्यांना सांगा. माझ्यासमोर."

त्यानं लावला.

ती घरी आली तेव्हा मधुकरराव फोनजवळच्या खुर्चीतच बसलेले होते. ती पाणी प्यायली, समोर टेकली.

"त्या दिवशी डब्यात काय दिलं होतंस आशयला?" त्यांनी विचारलं.

"मेथीची भाजी. डबा रिकामाच परत आला होता."

"लहानपणी मेथी ताटाखाली लपवायचा," मधुकरराव म्हणाले. "तुझ्या हातची खायला लागला होता म्हणजे."

आणि चष्मा पुसायला त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला.