काटा धरायला कुणीतरी

"फुंक आता!" मिस्त्री इंजिनाखालून ओरडला.

धक्क्यालगतच्या उतारावर ओढून ठेवलेल्या बोटीत उकिडव्या बसलेल्या लेकीने नळीचं टोक तोंडात धरलं आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. बोटीच्या मागे लावलेल्या त्या इंजिनाचा पाय खाली लोंबत होता. त्या पायाच्या पुढच्या धारेवर तीळ मावेल एवढं एक भोक असतं. मिस्त्रीने तिथे गाल टेकवला होता. गालाला काही म्हणता काही लागलं नाही.

"नळी मीटरपासून सोडवलीस ना? नाहीतर तुझ्या फुंकरीने मीटरच जायचा, मग बसू बोंबलत."

"सोडवली हो बाबा. लहानपणापासून हेच ऐकतेय."

बोट दवाखान्याची होती. पलीकडच्या काठावरून आजाऱ्यांना आणायचं, बरे झालेल्यांना सोडायचं, हे तिचं काम. आदल्या दिवशी तिच्या स्पीडमीटरने मान टाकली. काटा शून्यावर जो बसला तो हलायलाच तयार नाही. आणि दुपारी परीक्षक यायचा होता. लेक आजवर मालाची बोट चालवायची. आज पास झाली तर ही बोट कायमची तिच्या हाती येणार होती. धक्क्यापाशी किती वेग, मधल्या पाण्यात किती, याचीच खरी परीक्षा, आणि परीक्षक बघणार तो काट्याकडे. काटा बंद असला तर परीक्षा नाही, आणि जागा दुसऱ्याला. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून सकाळपासून दोघं इंजिनाला चिकटून होती.

मिस्त्रीने बारीक तार घेतली. तार ढकलायची नसते, चिमटीत फिरवायची असते, नाहीतर घाण आणखी आत जाऊन बसते. तो जीभ दातांत धरून फिरवत राहिला. शेवटी गाळाची एक गोळी बाहेर आली. बोटाने चुरडली तर आत एक शिंपला! तांदळाच्या कणीपेक्षा लहान, पण अंगावर रेघा सगळ्या जिथल्या तिथे. मिस्त्री तो तळव्यावर घेऊन बघतच राहिला.

"काय करामत आहे बघ. एवढासा जीव, आणि एवढ्या मोठ्या बोटीचं तोंड बंद केलंन."

"बाबा, फुंकू का?"

"फुंक, फुंक."

या वेळी गढूळ पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या डोळ्यात गेली. मिस्त्री शिव्या देत उठला, पण चेहरा खुलला होता.

"झालं काम! जोड नळी."

"झालं, हे कळणार कसं?" लेकीने विचारलं.

मिस्त्री तार पुसत राहिला. हयातभर त्याने प्रत्येक इंजिन पाण्याच्या पिंपात पाय बुडवून चालवून पाहिलं होतं आणि छातीठोकपणे परत दिलं होतं. स्पीडमीटरला मात्र पिंप चालत नाही. बोट पुढे धावली की समोरचं पाणी त्या भोकात घुसतं, नळीत दाब चढतो आणि तो दाब काट्याला ढकलतो. बोट जागची हलली नाही तर काट्याला काही कळत नाही.

आणि मिस्त्री जन्मात कधी बोटीतून पाण्यावर गेला नव्हता. हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं. लहानपणी बुडता बुडता वाचलो, असं काही सांगता आलं असतं तर निदान लाज तरी राहिली असती. पण तसं काही घडलंच नव्हतं. पायाखालची जमीन हलते म्हटलं की तो मागे सरायचा, एवढंच.

"पॅनेल उघडं आहे," लेक म्हणाली. "मीटर नळीवर लोंबकळतोय. नळीचा सांधा गळतो का ते बघितल्याशिवाय स्क्रू लावता येत नाहीत. माझा एक हात सुकाणूवर, एक हात रेसवर. हेल्परला ताप आलाय. कुणीतरी मीटर धरून बसायला हवं."

"याला ने की," मिस्त्रीने धक्क्यावर गंमत बघत उभ्या असलेल्या डिझेल पंपवाल्याकडे बोट दाखवलं.

"मला सांध्यातलं काय कळतं?" पंपवाला हसला. "डॉक्टर तुम्ही, आणि पेशंटबरोबर मी जाऊ? बसा मिस्त्री. दोर मी सोडतो."

"नसेल जमत तर राहू द्या, बाबा. तशीच जाते परीक्षेला." लेक शांतपणे म्हणाली. तिने गळ घातली असती तर मिस्त्री तिच्यावर खेकसून मोकळा झाला असता. ती नळी जोडत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

"ते जाकीट कुठेय?" मिस्त्री म्हणाला.

त्याने ते उलटं घातलं. लेकीने काढून सरळ घातलं आणि पट्टे करकचून आवळले.

बोट पाण्यात उतरली तेव्हा मिस्त्री तिच्या तळाशी मांडी घालून, मीटर दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. थोडा वेळ नुसतं डुचमळणं. त्याने मनातल्या मनात स्वतःला शिव्यांची लाखोली वाहिली. मग लेकीने रेस वाढवली, आणि मिस्त्रीने डोळे उघडले, कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. हे इंजिन त्याने कितीदा तरी उघडून पुन्हा जोडलं होतं. पिंपात ते नुसतं पाणी घुसळायचं, कानठळ्या बसवायचं आणि बंद व्हायचं. आता बोटीने नाक उचललं. दोन्ही बाजूंनी पाणी उभं फाटत मागे पळू लागलं, काठावरची झाडं मागे सरली, आणि त्या सगळ्या आवाजाचं पुढे काय होत असतं ते मिस्त्रीला आज पहिल्यांदा दिसलं.

त्याने वर पाहिलं. लेक उभी होती. गुडघे जरासे वाकलेले, केस मागे उडालेले, नजर लांब पाण्यावर. समोरून एका मोठ्या जहाजाची लाट येत होती. मिस्त्रीने तोंड उघडलं, पण तिने मनगट किंचित वळवलं, रेस केसभर उतरवली आणि बोट ती लाट चढून पलीकडे अलगद उतरली. हे ती कुठे शिकली? पाना कसा धरायचा ते त्याने शिकवलं होतं. हे त्याने शिकवलेलं नव्हतं. बायको होती तेव्हा एकदा या पोरीच्या मालाच्या बोटीतून जाऊन आली होती. "एकदा बघा तरी तिला," असं घरी येऊन म्हणाली होती. "बघू," म्हणून त्याने पेपरात डोकं घातलं होतं. काय बघितलं हे तिला विचारायचं तेव्हा सुचलंच नाही. आता विचारायला ती नव्हती.

"काटा किती?" लेकीने पुढे बघतच विचारलं.

तो तिच्याकडे बघत होता.

"बाबा! काटा!"

मिस्त्रीने दचकून खाली पाहिलं. काटा वर चढून स्थिर उभा होता. "अठरा," तो म्हणाला.

"सांधा?"

"कोरडा ठणठणीत."

"मग जमलं," ती म्हणाली, आणि कारागिराचं काम पसंत पडल्यावर मालक हलवतो तशी मान त्याच्याकडे बघून हलवली. मिस्त्रीनेही निमूटपणे हलवली.

धक्का जवळ आला. लेकीने रेस उतरवली. पंपवाला दोर हातात घेऊन तयारच होता, आणि त्याचं तोंड आधीच हसण्यासाठी उघडलं होतं. परीक्षक यायला अजून अवकाश होता.

"लावा स्क्रू," लेक म्हणाली.

मिस्त्रीने मीटर खाली ठेवला नाही.

"तसा चालतोय," तो म्हणाला. "पण मधे जरा अडखळल्यासारखा वाटला मला. खात्री नाही देता येत. आणखी एक फेरी मारून बघायला पाहिजे."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. काटा कुठेही अडखळला नव्हता. तिची नजर अधूनमधून त्यावर जातच होती. तिने पंपवाल्याला हातानेच थांब म्हटलं.

"नीट धरून बसा, बाबा," ती म्हणाली, आणि तिने बोट पुन्हा मोकळ्या पाण्याकडे वळवली.