अंबूबाई सांगेल ते पुस्तक

कराडच्या वाचनालयात नानासो ग्रंथपाल होते आणि झाडलोटीला अंबूबाई होती. नानासोंचं वाचन दांडगं. अंबूबाईला एक अक्षर येत नव्हतं. तरीही सेहेचाळीस साली अशी स्थिती होती की चांगली कादंबरी हवी असली तर लोक नानासोंची नजर चुकवून अंबूबाईला विचारत.

याला नानासोच कारणीभूत होते. कुणी कादंबरी मागितली की ते एखाद्या जुन्या थोर लेखकाचा ठोकळा हातात ठेवत आणि म्हणत, "पहिली साठ पानं नेट धरा. मग गोडी लागते." माणसं विसाव्या पानाला झोपत आणि पुस्तक परत करताना गोडी लागल्याचं खोटंच सांगत.

अंबूबाईची रीत निराळी होती. परत आलेली पुस्तकं ती रोज सकाळी फडक्यानं पुसायची. पानाला हळदीची बोटं लागलेली दिसली की ती ओळखायची, ही कादंबरी बाईनं चुलीपाशीसुद्धा सोडली नाही. दिव्याचं तेल सांडलेलं असलं की समजायची, ही उशिरापर्यंत जागवते. कोरं करकरीत परत आलेलं पुस्तक ती कुणाला सुचवत नसे. प्रत्येक पुस्तक तिला वेष्टनावरच्या चित्रावरून पाठ होतं.

गाण्यांचंही तसंच. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्यानं वाचनालयाला फोनो आणि डझनभर तबकड्या दिल्या होत्या. रविवारी संध्याकाळी त्या ओसरीत लागत. नानासो रागदारीची काढायला लागले की अंबूबाई म्हणायची, "त्यापरीस ती लाल कागदाची लावा. ती लागली की समोरचा पानवाला गिऱ्हाईक सोडून हुबा ऱ्हातो." आणि खरोखरच तो उभा राहायचा.

त्या वर्षी नानासोंनी जुनी पुस्तकं बांधायला दिली. बाईंडरानं सगळ्यांची वेष्टनं काढून टाकली आणि एकजात काळ्या कापडात बांधून आणली. पातळ पुस्तकं होती ती चार-चार एकत्र शिवली. अंबूबाईनं कपाट उघडलं, पण एकही पुस्तक तिला ओळखू येईना. सगळी पुस्तकं एकसारखी दिसत होती.

नेमका त्याच दिवशी कडेगावचा भाऊसो हवालदार आला. पाच वर्षं लढाईवर काढून तो नुकताच घरी परतला होता. नानासो टपाल कचेरीत गेले होते.

"अंबूबाई, लय नाव ऐकलंय तुमचं," भाऊसो म्हणाला. "एक झ्याक कादंबरी सांगा. घरात करमत न्हाई."

"का वं? घर तर तुमचंच हाय की."

"हाय खरं. पर पोरगी बोलत न्हाई माझ्याशी. मी गेलो तवा वरसाची हुती. आता सा वरसांची झालीया. मी वसरीत आलो की ती परड्यात पळती. आईला इचारती, ह्यो पावणा कवा जानार."

हे ऐकल्यावर त्याला नाही म्हणणं अंबूबाईच्या जिवावर आलं. वेष्टन नाही तर नाही, डाग तर असतील. तिनं दहाबारा पुस्तकं चाळली. त्यातलं एक इतकं मळलेलं होतं की पानं गुळानं चिकटली होती. एवढं वापरलेलं पुस्तक तिनं कधी पाहिलं नव्हतं. अक्षरंही ठसठशीत होती.

"ह्ये न्या," ती म्हणाली. "येवढं हाती धरल्यालं दुसरं कंचं बी पुस्तक न्हाई."

नानासोंनी संध्याकाळी कपाटातली रिकामी जागा पाहून वहीत नोंद करायला घेतली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ती एकत्र शिवलेली पोरांची पुस्तकं आहेत. एका हट्टी रेडकाच्या गोष्टी. लढाईवरून आलेल्या माणसाला तू रेडकू दिलंस?"

अंबूबाईनं आठ दिवस कुणालाही पुस्तक सुचवलं नाही. पुस्तक कुणी विचारलंच तर नानासोंकडे बोट दाखवायची. पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊसो फाटकातून येताना दिसला तेव्हा ती केरसुणी घेऊन कपाटामागे गेली.

"अंबूबाई कुठं हायत?" भाऊसोनं विचारलं. त्याच्या बोटाला एक मुलगी होती.

नानासो म्हणाले, "हवालदार, चूक झाली. तिला वाचता येत नाही."

"मला काय म्हाईत, साहेब. मी वसरीत बसून मोठ्यानं वाचाय लागलो. दोन पानांनी ध्यानात आलं, ह्ये पोरांचं हाय. ठेवणार हुतो. तर दाराआडनं आवाज आला, मग रेडकू कुठं गेलं?" त्यानं मुलीकडे पाहिलं. "ही आमची अंजना. आता मला एकट्याला गावाला जाऊ देत न्हाई."

अंबूबाई कपाटामागून बाहेर आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आवं, मला त्यातलं काय बी ठावं न्हवतं. मी निसतं गुळाचं डाग बघितलं."

"मग ऐका की," भाऊसो म्हणाला आणि पायरीवर बसून वाचू लागला. शेकड्यांनी पुस्तकं सुचवलेल्या अंबूबाईनं त्यातलं एक पुस्तक पहिल्यांदाच ऐकलं. रेडकू रुसून दोन दिवस उपाशी राहिलं, तिथं तिनं भाऊसोला थांबवलं.

"ह्यो लिवणारा शेरातला दिसतुया," ती म्हणाली. "रेडकू दोन दिस उपाशी ऱ्हातं व्हय कवा?"

"आमचं ऱ्हातं," अंजना म्हणाली.

"न्हाई ऱ्हात, बाय. माझ्या माहेरी धा म्हशी हुत्या."

"तुमी त्याला रागं भरलाच नसाल मग."

दोघींनी निकालासाठी नानासोंकडे पाहिलं. नानासोंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की पूर्ण ऐकल्याशिवाय मत देणं बरोबर नाही. मग तेही खालच्या पायरीवर येऊन बसले.

कडेगावची मोटार साडेपाचला निघून गेली. भाऊसोला ते कळलं तेव्हा तिसऱ्या गोष्टीतलं रेडकू नदीत उतरलं होतं, आणि अंजना बापाला उठू देत नव्हती.