गोमटेशचा नियम

"पोरी, नवऱ्यानं नियम घेतला त्यो घेतला, पर गावात दवंडी पिटू नगंस," शेजारच्या बायाक्कानं मला बजावलं होतं. "दात काढल्याल्या सापाच्या शेपटीवर बारकी पोरं बी पाय देत्यात."

मी बी. ए. झालेली. हसले. "आक्का, चांगलं सांगायला कसली लाज?"

आणि गिरणीच्या रांगेत चार बायांत सांगून टाकलं, की आमच्या ह्यांनी चातुर्मासात मुनी महाराजांपुढं, भगवंताच्या साक्षीनं नियम घेतलाय. आता जीव गेला तरी कुणावर हात उचलणार न्हाईत. रांगेत पार्श्वनाथअण्णाची बायको होती. तिनं दळण रांगेतच टाकून घर गाठलं.

पार्श्वनाथअण्णा ह्यांचा, म्हणजे गोमटेशचा, थोरला चुलतभाऊ. गेल्या साली बांधाच्या भांडणात गोमटेशनं त्याला असा ठोसा हाणला, की जबडा फुटला. अजून त्याला भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. ती कुस्करलेली भाकरी बघून आल्यावरच ह्यांनी नियम धरला.

गिरणीनंतर आठ दिवसांत बांध नांगराचं एक तास आमच्याकडं सरकला. मग दुसरं.

"अवो, बोला की कायतरी!"

"बोलतो की अण्णाशी रोज. मोजणी आणूया म्हनतोय."

मंगळवारी लेकीला काखेत मारून न्याहारी घेऊन गेले. काळ्या रानात पाय रुतत होते. पार्श्वनाथअण्णा आमची तंबाखूची रोपं उपटून ओढ्यात भिरकावत होता. गोमटेश समोर उभा.

"अण्णा, माझं चुकलं म्हणून तुझ्या दारात येऊन बसलो हुतो. पर रोपं उपटू नगंस. त्येंनी काय केलंय?"

"हाण की मग! पैलवान न्हवं तू? का म्हाराजांनी हात ठिवून घेतलं?"

आणि फावड्याचा दांडा खांद्यावर बसला. हाडाचा आवाज मला बांधावर ऐकू आला. गोमटेशनं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत गच्च अडकवले. दुसरा दांडा गुडघ्यावर. तो खाली बसला. तिसऱ्यानं भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. ओठ मात्र हलत होते, णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं...

"मोठ्यानं म्हन! तुझ्या देवाला ऐकू जाऊ दे!"

"तुझा बी त्योच हाय की, अण्णा."

त्यावर पार्श्वनाथअण्णानं दांडा डोक्यावर नेला.

मी लेकीला सरीत ठेवलं. गवताच्या भाऱ्यावर विळा खोचलेला होता, तो उपसला. अण्णाची पाठ माझ्याकडं होती. मला फक्त त्याची मान दिसत होती. खोटं कशाला सांगू, मी मानेवरच घातला.

विळा खाली येण्याआधी गोमटेशनं बघितलं. मोडक्या गुडघ्यावर उठला आणि भावाच्या मानेवर आडवा हात टाकला. अण्णाला वाटलं, अखेर ह्यानं गळा धरला. तो वाकला, ओरडला. मग उबदार काहीतरी गळ्यावरनं वाहिलं, तेव्हा वळून बघितलं. माझा विळा गोमटेशच्या मनगटात हाडापतोर रुतला होता.

सरीत लेक टाहो फोडत होती.

अण्णानं दांडा टाकला. खांद्यावरचा टॉवेल फाडून मनगट आवळलं. आवळताना शिव्या देत होता, "मर की भाड्या! मधी कशाला कडमडलास?"

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं?" सगळा गाव पार्श्वनाथअण्णाकडं बोट दाखवायला टपलेला.

"खांदा नि गुडघा भावानं," गोमटेश म्हणाला. "मनगट बायकूनं. फिर्याद कुनाचीच न्हाय."

त्या हाताची तीन बोटं कायमची लुळी पडली. बांध आहे तिथंच, दोन तासं आमच्या रानात. घरी आल्यावर म्हणाला, "अनू, तू बी नियम घे."

"न्हाय घेणार. पुन्हा त्यानं दांडा उचलला, तर मी पुन्हा विळा घेईन."

मग म्हणाला, "मग रानात येऊ नगंस."

घरात राहिले तर पाय रानाकडंच वळणार, म्हणून मी लेकीला घेऊन चिकोडीला, माहेरी आलेय. तो रानात जाताना फोन घरी ठेवतो. तीन दिवस नुसती रिंग वाजतेय.

तुम्ही निपाणीहून कोगनोळीकडं जाणार असाल, तर ओढ्याच्या पुलापाशी जरा थांबा. एका हातानं रोपं लावणारा माणूस दिसेल. गोमटेश म्हणून हाक मारा. ओ दिली तर मला कळवा. आणि शेजारच्या पट्टीत पार्श्वनाथअण्णा असेल, तर तो काय करतोय, तेवढं नीट बघून घ्या.